भिंतीवर लावलेली जुनी लष्करी ड्रोन छायाचित्रं आणि कापली गेलेली पट्टी

पारवा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच.

माझ्या कामाच्या खोलीतली एक लांब भिंत मी जुन्या लष्करी ड्रोनच्या छायाचित्रांसाठी राखून ठेवली आहे. जुन्या म्हणजे साधारण १९३५ ते १९७५ या काळातल्या. यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, ते आधी सांगतो. काही फोटो ड्रोनचे असतात आणि काही ड्रोनने काढलेले. माझ्याकडे दोन्ही आहेत, पण जीव अडकलाय तो दुसऱ्या प्रकारात.

पहिल्या प्रकारातले दोन लावले आहेत. एकात ६ जून १९४१ रोजी विन्स्टन चर्चिल 'क्वीन बी'च्या उड्डाणाची वाट बघत उभे आहेत. क्वीन बी म्हणजे दिसायला अगदी टायगर मॉथसारखं दोन पंखी विमान, पण आत माणूस नाही. रेडिओवर उडवायचं आणि तोफखान्याने त्यावर नेम धरायचा. दुसऱ्या फोटोत डीसी-१३० हर्क्युलिस या ड्रोन सोडणाऱ्या मोठ्या विमानाच्या पंखाखाली लटकलेला, रायन या अमेरिकी कंपनीचा ड्रोन आहे.

तिसरा फोटो हा या धाग्याचं खरं कारण. जुन्या वस्तूंच्या एका ढिगात मिळालेला मूळ ठसा आहे, हातभर लांब आणि जेमतेम वीतभर रुंद. दोन्ही टोकांना क्षितिज दिसतं आणि मधे भातखाचरं. खाचरांच्या मधून बारीक चर गेलेत, एका बाजूला मोडलेला पूल आहे आणि पुलाच्या आसपास शेतात गोल गोल गवताच्या गंज्या. विकणाऱ्याने 'व्हिएतनाम, ड्रोनने काढलेला' एवढंच सांगितलं. खालच्या लांब कडेला पांढऱ्या अक्षरांची एक पट्टी होती. त्यात आकडे होते, तारीख होती.

होती असं म्हणतोय, कारण फ्रेम करायला दिला तेव्हा ती पट्टी कापली गेली. "कडेला काहीतरी छापलेलं होतं, ते चांगलं दिसत नव्हतं, म्हणून सरळ करून दिलं," असं उत्तर मिळालं. कापलेला तुकडा कचऱ्यात गेला. शिवाय फोटो गरम करून चिकटवणाऱ्या कागदाने पाठीमागच्या पुठ्ठ्याला कायमचा चिकटवला आहे, त्यामुळे मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तेही गेलं. मी पट्टीचा साधा फोनवर फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता. चार रात्री झोप नाही.

विचारायचं असं:
आता या ठशाचं काय करावं? पुन्हा कापून चौकट सारखी करू की आहे तसा ठेवू?
बाकीच्या फोटोंचे मोठे प्रिंट काढताना काय सांभाळायचं?
आणि अशी चित्रं तुम्ही कोणी लावली असतील तर कशी लावलीत, तेही सांगा.

---

अंधारखोली

पारवाजी, वाचून पोटात गोळा आला. फिल्म धुण्यात आणि प्रिंट काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे त्या ठशाला आता कोणाचाही हात लागू देऊ नका. पुठ्ठ्यावरून सोडवायचा प्रयत्न घरी तर अजिबात नको. गरम चिकटवण सोडवताना ज्यात चित्र असतं तो चांदीचा थर कागदापासून सुटतो आणि मग हातात भुसा उरतो. हे काम जुन्या कागदांचं जतन करणाऱ्या माणसाचं आहे, तोही आधी एका कोपऱ्यावर करून बघतो.

दुसरं, हा खरंच मूळ ठसा आहे का ते भिंग लावून बघा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. चांदीच्या ठशात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग सलग उतरत जातो आणि फार तर फिल्मचा अनियमित ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, दिसतो. छापखान्यातून आलेल्या चित्रात ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. इंकजेट असेल तर शाईचे बारीक शिंतोडे. जुन्या ठशाची आणखी एक खूण म्हणजे गडद भागावर तिरपा प्रकाश टाकला की आरशासारखी निळसर चमक येते. चांदी वर यायला लागल्याची ती खूण. खोट्या ठशात ती सहसा आढळत नाही.

तिसरं. मूळ ठसा भिंतीवर लावू नये, हे माझं ठाम मत. चांगल्या स्कॅनरवर त्याची प्रत करा, प्रत भिंतीवर लावा आणि मूळ आम्लविरहित कागदात गुंडाळून खोक्यात आडवा ठेवा. चांदीचा ठसा उजेडाला बऱ्यापैकी पुरून उरतो, पण दमटपणा आणि धुताना नीट न निघालेला हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) त्याला पिवळा करतो. लावायचाच असेल तर फोटो आणि काच यांच्यामधे जाड माउंटबोर्डाचं अंतर ठेवा. काच फोटोला टेकली की दमट दिवसांत थर काचेला चिकटतो आणि मग वेगळा होत नाही. पुढच्या वेळी फोटो कोपऱ्यांच्या कागदी खिशांत अडकवायला सांगा, गोंद नकोच.

---

नवी_निगेटिव्ह

खूप छान धागा. एक बाळबोध प्रश्न आहे. नेटवर मिळालेला जुना ड्रोन फोटो दोन फूट मोठा करता येतो का? फोनवर तर अगदी सुरेख दिसतो.

---

अंधारखोली

प्रश्न बाळबोध नाही, सगळ्यांची गाडी इथेच अडते.

हिशोब सोपा आहे. २४ इंच रुंदीचा प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवा असेल तर रुंदीला ७,२०० पिक्सेल लागतात. टेहळणी विमानांच्या मोठ्या कॅमेऱ्यातली चौकट ९ इंचांची असते, ती ८०० डीपीआयने स्कॅन केली तरी ७,२०० होतात. ७० मिलिमीटरच्या फिल्मवर मात्र चौकट जेमतेम सव्वादोन इंच रुंद, तिला ३,२०० डीपीआय लागतं. भिंतीवरचं चित्र आपण चार-पाच फुटांवरून बघतो, तेव्हा २०० डीपीआयनेही काम भागतं, म्हणजे ४,८०० पिक्सेल. फोनवरच्या १,२०० पिक्सेलच्या फोटोतून हे होणार नाही. अभिलेखागाराच्या साइटवर मोठी फाइल उतरवायची सोय आहे का ते आधी शोधा.

आणि कृपा करून एआयने मोठा करू नका. मी एकाच्या स्क्रीनवर पाहिलंय. मूळ चित्रात छपरावर राखाडी डाग होता, मोठं केल्यावर तिथे चार नीटनेटक्या खिडक्या उगवल्या. यंत्राने त्या मनाने घातल्या. टेहळणीच्या चित्रात दिसतं ते तिथे होतं, हीच तर त्याची सगळी किंमत. ग्रेन दिसतोय तर दिसू द्या.

---

तोफखाना

पारवाभाऊ, चर्चिलच्या फोटोने आठवणी जाग्या केल्या. नोकरीत असताना मी टार्गेट ड्रोनवर नेम धरलेला माणूस आहे. आधी आवाज येतो, चिडलेल्या मोपेडसारखा, मग ठिपका दिसतो. ठिपका एवढासा आणि वेग एवढा की पहिल्या दिवशी सगळ्यांचे गोळे मागेच पडतात. ड्रोनला लागलं नाही तर तो पॅराशूटने उतरायचा आणि आमच्यातला सगळ्यात तरुण पोरगा धावत जाऊन त्याला उचलून आणायचा. पंखाला चिखल लागलेला, नारिंगी रंग खरवडलेला.

म्हणून मला ड्रोनचे फोटो जास्त जवळचे. त्यातही दुसऱ्या महायुद्धातल्या रेडिओप्लेन कंपनीचे. रेजिनाल्ड डेनी हा सिनेमातला नट, त्याला रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा नाद लागला आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. त्यांचं ओक्यू-२ हे विमान पावणेचार मीटरभर पंखांचं. युद्धात अशी सुमारे १५,००० बनवली. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कारखान्यात युद्धाच्या शेवटाला डेव्हिड कॉनोव्हर नावाचा लष्करी छायाचित्रकार गेला, त्याने तिथल्या एका कामगार मुलीचे हातात विमानाचा फिरता पंखा (प्रोपेलर) धरलेले फोटो काढले. ती नॉर्मा जीन, पुढची मर्लिन मन्रो. त्याला तिकडे पाठवणारा वरिष्ठ म्हणजे कॅप्टन रोनाल्ड रेगन. लोक तो फोटो मन्रोसाठी लावतात. मी लावलाय तो तिच्या हातातल्या पंख्यासाठी. लाकडी पंख्याची कड कशी घासलेली असते, ते मला हाताने माहीत आहे.

एक विनंती. टार्गेट ड्रोन बहुतेक वेळा भडक नारिंगी-लाल असायचे, आकाशात दिसावेत आणि पडल्यावर सापडावेत म्हणून. कृष्णधवल फोटोत ते राखाडी दिसतात. रंग भरायचाच असेल तर खरा रंग कोणता होता ते शोधून भरा. मी हिरवा ओक्यू-२ फ्रेममधे लावलेला बघितलाय, फार वाईट वाटलं.

---

मधमाशी_कोश

तोफखानाकाका, तुमच्या प्रतिसादाला जोडून. ड्रोन म्हणजे नर मधमाशी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विमानाला ते नाव क्वीन बीवरून पडलं असं मानतात. क्वीन बी १९३५ ची. ब्रिटिशांची ती राणीमाशी बघून अमेरिकी नौदलात डेलमर फार्नी यांच्या गटाने आपल्या लक्ष्य-विमानांना ड्रोन म्हणायला सुरुवात केली. राणीचा मान राखून आपल्याकडे नरमाशी घेतली. ही नावं एकमेकांना बिलगलेली आहेत, म्हणून चर्चिलचा फोटो त्या भिंतीवर अगदी पहिला हवा.

---

कातरवेळ

सगळं वाचलं. सगळे मनापासून लिहिताय, म्हणून मीही मनापासून लिहिते. राग मानू नका.

मला हे भिंतीवर बघवणार नाही. चर्चिल ठीक, कारखान्यातली मुलगी ठीक. पण ती भातखाचरं? कोणाची तरी शेती आहे ती. त्या गवताच्या गंज्या कोणीतरी रचल्या असतील. वरून एक यंत्र गेलं, कोणाला न विचारता फोटो काढला आणि तो फोटो बघून दुसऱ्या कोणीतरी ठरवलं की पूल पाडायचा की नाही. पन्नास वर्षांनी आपण म्हणतो, किती सुंदर रचना आहे. पारवाजी, तुमच्या घरी येणाऱ्या माणसाला त्या चित्रात काय दिसतं? नक्षी. नक्षी म्हणून लावू नका एवढंच म्हणणं आहे.

---

पारवा

कातरवेळताई, राग कसला. हा प्रश्न मला स्वतःला रोज पडतो. मला ते चित्र आवडतं, हे खोटं सांगणार नाही. खाचरांच्या वळणांकडे बघत मी तासभर बसतो. पण तुम्ही म्हणता तसं ते नक्षी होऊन बसलंय, हेही खरं. गाव कुठलं, दिवस कुठला, काहीच लिहिलेलं नाही. पट्टी असती तर निदान तेवढं तरी खाली लिहून ठेवता आलं असतं.

तोफखानाकाका, चिखल लागलेल्या पंखाचं वाचून बराच वेळ थांबलो. मधमाशी_कोश, चर्चिल पहिलाच आहे.

---

रीळवाला

पट्टीचा विषय निघाला म्हणून जरा लांब लिहितो. व्हिएतनामवर उडलेल्या रायन ड्रोनवर मी अनेक वर्षं वाचत आलोय.

रायनचा फायरबी हा मूळचा टार्गेट ड्रोन, पहिलं उड्डाण १९५१ चं. त्यालाच कॅमेरा बसवून मॉडेल १४७ तयार झालं, टोपणनाव लाइटनिंग बग. १९६४ ते १९७५ या काळात या ड्रोननी आग्नेय आशियात सुमारे ३,४३५ फेऱ्या केल्या. डीसी-१३० च्या पंखाखालून सोडायचे. काम करून ठरलेल्या जागी परत आला की इंजिन बंद, पॅराशूट उघडतं आणि हेलिकॉप्टर वरूनच त्या पॅराशूटला आकड्याने पकडतं. जमिनीला टेकू द्यायचंच नाही. टेकला तर ड्रोनचं नुकसान व्हायची भीती, फिल्मही धोक्यात.

हे सांगायचं कारण असं की त्या काळी फोटो हवेतून पाठवायचे म्हणजे दूरदर्शनसारखं अंधुक चित्र, बारीक तपशील हवा तर फिल्मच लागायची. म्हणजे आज आपल्याला दिसणारं प्रत्येक चित्र आधी रीळ होऊन परत आलेलं आहे. १४७ मधला 'टॉम कॅट' नावाचा एक ड्रोन ६८ वेळा जाऊन आला आणि १९७४ मधे परतला नाही. त्या शेवटच्या खेपेचं रीळ त्याच्याबरोबर गेलं.

उलट बाजूचं उदाहरण लॉकहीडच्या डी-२१ चं. आवाजाच्या तिपटीहून जास्त वेगाने, फार उंचावरून चीनच्या अणुचाचणी केंद्रावर जायचा. १९६९ ते १९७१ या काळात चार खेपा झाल्या आणि एकाही खेपेची फिल्म हाती लागली नाही. एका खेपेला फिल्मची पेटी समुद्रापर्यंत आली आणि उचलायला आलेल्या युद्धनौकेचा धक्का लागून बुडाली. डी-२१ चे फोटो भरपूर मिळतात, फार देखणे आहेत, काळा कुळकुळीत बाणासारखा. त्याने काढलेला एकही नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका.

आणखी एक सांगतो. १९७० मधे अमेरिकेने हनोईजवळ सोन ताय इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीवर छापा घातला. आधी महिनोन्‌महिने ड्रोन पाठवले. काही परतलेच नाहीत. एक अगदी छावणीच्या तोंडाशी पोचला आणि वळण घ्यायला जरा घाई झाली. विमान कललं, कॅमेऱ्याने क्षितिज टिपलं, छावणी चौकटीबाहेर राहिली. २१ नोव्हेंबरला सैनिक उतरले तेव्हा कैदी आधीच दुसरीकडे हलवलेले होते. त्या ड्रोनच्या रिळात सुंदर क्षितिज असणार. कोणी फ्रेम केलं असतं तर बघणाऱ्याला कळलंही नसतं की त्या चित्रात नेमकं काय नाही.

आता तुमच्या ठशाबद्दल, आणि हे ऐकायला आवडणार नाही. दोन्ही टोकांना क्षितिज आहे म्हणजे पॅनोरामिक कॅमेरा, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत एकाच लांब चौकटीत टिपणारा. तो खाली उडणाऱ्या ड्रोनमधे असायचा हे बरोबर, पण माणूस बसलेल्या टेहळणी जेटमधेही तसा कॅमेरा असायचा. चित्र बघून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. कोणती मोहीम, कितवी चौकट, कोणती तारीख, हे सगळं त्या पट्टीत. ती गेली म्हणजे तुमचा फोटो ड्रोनने काढला हे आता कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, मीही नाही. म्हणून नव्याने घेणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो: कडेची पट्टी, गुप्ततेचे शिक्के, गुप्तता उठवल्याचा शिक्का, मागचं पेन्सिलीचं खरडणं, यातलं काहीही कापू नका, खोडू नका, माउंटखाली झाकू नका. फ्रेम करायला देताना कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

---

नवी_निगेटिव्ह

रीळवाला, अंगावर काटा आला. सोन तायचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

मग खात्रीशीर फोटो कुठे मिळतील? आणि प्रिंट करायला परवानगी लागते का?

---

रीळवाला

अमेरिकी सरकारच्या नोकराने नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोवर अमेरिकेत कॉपीराइट नसतो, त्यामुळे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातले आणि हवाई दलाच्या संग्रहालयातले बरेच फोटो खुले आहेत. ब्रिटिश सरकारी फोटो १ जून १९५७ च्या आधी काढलेले असतील तर त्यांचा क्राउन कॉपीराइट संपलेला आहे. चर्चिलचा फोटो त्यात येतो, तो इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. विमान कंपन्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंचं तसं नाही, तिथे विचारूनच करा.

आणि नावांची गल्लत सांभाळा. 'जुना ड्रोन फोटो' म्हणून खपवलं जाणारं पुष्कळसं साहित्य यू-२ या माणूस बसलेल्या टेहळणी विमानाचं किंवा 'कोरोना' नावाच्या अमेरिकी हेर-उपग्रहाचं असतं. कोरोनाची चित्रं १९९५ मधे खुली झाली, तीही देखणी आहेत, पण ती अवकाशातून घेतलेली. पहिल्या महायुद्धातले खंदकांचे हवाई फोटो तर सर्रास ड्रोनच्या नावावर जातात. ते माणसांनी जीव मुठीत धरून, उघड्या विमानातून वाकून काढलेत. अमेरिकेच्या त्या कामावर एडवर्ड स्टायकेन होते, छायाचित्रकलेतलं फार मोठं नाव. त्यांच्या श्रेयावर ड्रोनचं लेबल नको.

---

नकाशेवाली

धागा उशिरा पाहिला. हवाई छायाचित्रं वाचणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून पारवाजींना एक प्रश्न. तुमच्या लांब ठशात सावल्या कुठल्या दिशेला पडतात? पुलाची सावली बघा, ती पटकन सापडेल.

---

पारवा

नकाशेवालीताई, आत्ताच बघून आलो. सावल्या वरच्या बाजूला पडतात. पुलाच्या खांबांच्या सावल्या वर, झाडांच्याही वर.

---

नकाशेवाली

तसंच वाटलं होतं. आता जरा समजावून सांगते, कारण हवाई चित्र भिंतीवर लावताना ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

आपल्या डोळ्यांना जन्मापासून सवय आहे की उजेड वरून येतो. त्यामुळे चित्रातल्या एखाद्या वस्तूची सावली तिच्या खालच्या बाजूला असेल तर मेंदू म्हणतो, ही वस्तू वर आलेली आहे. सावली वरच्या बाजूला असेल तर मेंदू उलटा हिशोब करतो आणि उंच गोष्ट खोल दिसते, खोल गोष्ट उंच. डोंगर दऱ्या होतात, नद्या कड्यांवरून वाहतात. झाडं, पूल अशा ओळखीच्या गोष्टींवर मेंदू फसत नाही, साध्या उंचवट्यांवर आणि खड्ड्यांवर हमखास फसतो. म्हणून चित्रं वाचणारी माणसं फोटो नेहमी असा धरतात की सावल्या आपल्या अंगाकडे पडतील.

यात गंमत अशी की कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारी सावली उत्तरेला पडते. आपण नकाशासारखी उत्तर वर ठेवून चित्र लावतो आणि सगळा भूगोल उलटा होतो. भिंतीवर लावताना उत्तर विसरा, सावली खाली ठेवा. खोलीतला दिवाही वरून असेल तर अजून बरं, दोन्ही उजेड एकाच बाजूचे होतात.

तुम्ही लिहिलंय की खाचरांच्या मधून चर गेलेत. भातखाचरांच्या मधे बांध असतात. फ्रेम काढा, उलटी धरा आणि पुन्हा बघा. दोन्ही टोकांना क्षितिज आहे, त्यामुळे उलटं केल्याने चित्र बिघडणार नाही.

आणि गंज्या पण बघा.

---

पारवा

फ्रेम काढली, उलटी धरली, खिडकीपाशी नेली.

दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग एकदम बांध वर आले. मी इतके दिवस चर म्हणत होतो ते सगळे बांध आहेत, त्यांच्यावरून चालत जाता येईल असे. एका बांधावर बारीक काळी रेघ आहे, तिची सावली बांधावरून खाचरात उतरलेली दिसते. ते माणूस असावं.

गंज्या गंज्या नाहीत. खड्डे आहेत. गोल, काठ वर आलेले, काहींच्या तळाशी पाणी चमकतंय. मी मोजले, पुलाच्या या बाजूला एकोणीस आहेत. सात अगदी खाचरांच्या मधोमध, तिथे बांध तुटलेत आणि एका ठिकाणी खड्ड्याला वळसा घालून नवा बांध घातलेला दिसतोय.

आठ महिने हे माझ्या समोर होतं.

---

कातरवेळ

पारवाजी, मी काल जे लिहिलं ते गंज्या समजून लिहिलं होतं.

आता माझं मत सांगते. लावा. सावली खाली ठेवून लावा. नव्या बांधाची गोष्ट वाचली आणि वाटलं, हे कोणीतरी बघायला हवं. खड्डा पडल्यावर त्या माणसाने पुन्हा शेत नीट केलंय आणि ते फक्त या चित्रात उरलंय. पण खाली लिहा. काय माहीत आहे आणि काय नाही, दोन्ही लिहा.

---

तोफखाना

नकाशेवालीताई, तुम्हाला सलाम. आम्ही खालून वर बघणारी माणसं, वरून खाली बघायला कोणी शिकवलं नव्हतं. पारवाभाऊ, ती काळी रेघ माणूसच असेल. बांधावर उभा राहून वर बघत असेल. त्या आवाजाला प्रत्येक जण वर बघतो.

---

अंधारखोली

पारवाजी, आता तो ठसा आधी स्कॅन करून घ्या. सपाट स्कॅनरवर, १,२०० डीपीआय, १६ बिट, राखाडी. कापलेली कड पूर्ण दिसेल असा, चारी बाजूंनी थोडी जागा सोडून. मोठ्या प्रतीत खड्ड्यांचे काठ नीट दिसतील आणि ती काळी रेघही.

पुन्हा कापून सारखा करू का, असं तुम्ही विचारलं होतं. मुळीच नको. कापलेली कड आता त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे.

---

रीळवाला

सहमत. खड्डे आणि मोडलेला पूल एकत्र आहेत, म्हणजे हल्ल्यानंतर नुकसान किती झालं ते बघायला काढलेलं चित्र असण्याची शक्यता बरीच आहे. १४७ ची ही नेहमीची कामगिरी होती. पण शक्यताच. लेबलवर 'ड्रोन' हा शब्द प्रश्नचिन्हासह लिहा, ही विनंती.

---

पारवा

मंडळी, काम झालं, म्हणून शेवटचं कळवतो.

मूळ ठसा पुठ्ठ्यासकट आम्लविरहित कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला. भिंतीवर चार फूट लांबीची प्रत आहे, एकही ठिपका न वाढवता काढलेली. माउंटची खिडकी मुद्दाम चित्रापेक्षा मोठी ठेवायला सांगितली, कागदावर लिहून दिलं. उलटं केल्यामुळे कापलेली कड आता वर आली आहे. पट्टी होती तिथे दोन बोटं रुंद कोरा पांढरा कागद दिसतो.

खाली पेन्सिलीने लिहिलंय: 'जागा माहीत नाही. तारीख माहीत नाही, पट्टीवर होती. व्हिएतनाम असं सांगितलं गेलं. ड्रोन? मोडलेला पूल, एकोणीस खड्डे, एक नवा बांध, बांधावर एक माणूस असावा.'

रात्री माझी मुलगी खोलीत आली. तिने चित्र पाहिलं आणि आधी वरच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं, "इथे काय होतं?" तिला सांगत बसलो, अकरा वाजून गेले.